भाडं एकाच रकान्यात टाकू नका: कोकणातल्या घरमालकांनो, या चुका टाळा

कोकणात भाड्याचं उत्पन्न क्वचितच एका जातीचं असतं. चिपळूणचा फ्लॅट लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत नोकरीला असलेल्याला दिलेला, गावच्या घरामागे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधलेल्या, हापूसची बाग व्यापाऱ्याला कराराने दिलेली आणि नाक्यावरच्या गाळ्यात कुणाचं तरी मोबाइलचं दुकान. पैसे सगळे एकाच खात्यात येतात. मग रिटर्नच्या वेळी मालक सीएला एकच आकडा सांगतो, "भाडं एवढं आलं." घोळ तिथून सुरू होतो. प्राप्तिकराच्या लेखी यात तीन निरनिराळी उत्पन्नं आहेत: फ्लॅट आणि गाळा एका रकान्यात, खोल्या बहुधा दुसऱ्या, बाग तिसऱ्या. २०२४ पासून या रकान्यांचे नियम वेगवेगळ्या तारखांना बदलत आले आहेत. शेजारच्या काकांचा सल्ला त्यांच्या काळात बरोबरच असेल, पण यंदाच्या रिटर्नला तो चालेलच असं नाही.

होमस्टे म्हणजे भाडं, असं धरून चालणं

दापोली, गुहागर, तारकर्लीकडे ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि दोन्ही बाजूंनी होते.

काही मालक राहतं घर वर्षाच्या कराराने देऊन ते 'धंद्याचं उत्पन्न' दाखवत आणि रंगकाम, राखणदाराचा पगार, घसारा सगळं वजा करत. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने ती वाट बंद केली. मालकाने राहतं घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला, तर ते उत्पन्न 'घर मालमत्ता' याच शीर्षाखाली दाखवायचं. हे आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून लागू आहे.

उलट बाजूला होमस्टेवाले. तुम्ही दर दिवसाने खोली देता, चादरी बदलता, सकाळी घावणे आणि दुपारी सुरमईचं ताट वाढता. ही सेवा झाली आणि ती सर्वसाधारणपणे व्यवसायातच मोडते. त्यावर घरभाड्याची ३० टक्के वजावट लावून मोकळं होणं धोक्याचं. व्यवसायासाठी अनुमानित कराची सोय आहे: उलाढालीच्या ८ टक्के (बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा धरून रिटर्न भरता येतं. बऱ्याच छोट्या होमस्टेंना हे ३० टक्क्यांच्या वजावटीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. तरी लोक सवयीने ते भाडंच दाखवतात, याचं नवल वाटतं.

मात्र व्यवसाय म्हटला की दोन गोष्टी मागून येतात. साठी उलटलेल्या, व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या रहिवाशाला आगाऊ कर (वर्ष चालू असतानाच हप्त्याने भरायचा कर) भरावा लागत नाही. होमस्टे दाखवलात की ही सूट गेली. दुसरं म्हणजे पगारदार माणूस दरवर्षी जुनी (वजावटींची) किंवा नवी (दर कमी, पण बहुतेक वजावटी नसलेली) करप्रणाली निवडू शकतो. व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला तशी दरवर्षी उडी मारता येत नाही. निवृत्त शिक्षकांनी खोल्या काढण्याआधी हे हिशेबात धरलेलं बरं.

कौलांचा खर्च वजा होईल ही आशा

भाड्याच्या घराचा हिशेब साधा आहे. वर्षाच्या भाड्यातून त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्याच्या ३० टक्के वजा करायचे, मग कर्जाचं व्याज. हे ३० टक्के दुरुस्ती केली तरी मिळतात, नाही केली तरी मिळतात. जून २०२० मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात कौलं आणि पत्रे उडवून नेले, तेव्हा ज्यांचा दुरुस्तीचा खर्च वर्षभराच्या भाड्याहून मोठा झाला, त्यांनाही वजावट तेवढीच. छप्पर नव्याने चढवलं, खोली वाढवली, असं मोठं काम असेल तर बिलं जपून ठेवा. घर विकताना ती सुधारणेच्या खर्चात धरता येऊ शकतात. खारी हवा खिळे खाते तशी बिलांवरची शाईही खाते, तेव्हा फोटो काढून ठेवा.

घरपट्टीचंही तसंच. ग्रामपंचायतीची तीन वर्षांची थकबाकी एकदम भरलीत, तर ज्या वर्षी भरली त्या वर्षी ती वजा होते. नुसती मागणीची नोटीस आली म्हणून होत नाही. आणि भाडेकरूने परस्पर भरली असेल तर ती वजावट तुमची नाही.

कर्जाचं व्याज नव्या प्रणालीतही पगारातून वजा होतं हा समज

गुंतवणूक म्हणून रत्नागिरीत किंवा कुडाळला फ्लॅट घेणाऱ्यांनी इथे थांबून आकडेमोड करावी. समजा महिना १२,००० भाडं, म्हणजे वर्षाचे १,४४,०००. घरपट्टी ४,०००. उरले १,४०,०००, त्यातून ३० टक्क्यांचे ४२,००० गेले की ९८,०००. कर्जाचं व्याज २,६०,०००. म्हणजे तोटा १,६२,०००.

जुन्या प्रणालीत हा तोटा पगारातून वजा होतो. तिथेही वर्षाला २ लाखांची मर्यादा २०१७ पासून आहे, पण आपला आकडा तिच्या आत बसतो. नव्या प्रणालीत व्याज भाड्यापुरतंच चालतं. भाड्याचं उत्पन्न शून्य होतं, पण उरलेला तोटा पगारातून वजा होत नाही. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी तर तशी निवडावी लागते. "टॅक्स वाचतो" म्हणून ज्यांनी हप्त्यावर घर घेतलं, त्यांचं अर्धं गणित इथे कोसळतं. बिल्डरच्या माहितीपत्रकात हे छापलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

बंद घराला कर नाही असं मानणं

डोंबिवलीत राहतं घर, मुलाच्या शिक्षणासाठी पुण्यात घेतलेला फ्लॅट आणि गावचं घर. ते गणपतीला आणि शिमग्याला उघडतं, एरवी कुलूप. चाकरमान्यांकडे हे चित्र नवं नाही. कायदा दोन घरं स्वतःच्या वापराची मानतो आणि त्यांचं वार्षिक मूल्य शून्य धरतो. २०२५ च्या अर्थसंकल्पाने यातली अटही काढली, म्हणजे ती दोन घरं का वापरली नाहीत याचं कारण द्यावं लागत नाही. पण तिसरं घर भाड्याने दिलंय असंच समजलं जातं आणि जे भाडं सहज मिळू शकलं असतं त्यावर कर लागतो.

उपाय सोपा आहे. कोणती दोन घरं आपल्या वापरातली हे तुम्ही निवडायचं असतं. डोंबिवली आणि पुणे निवडा, गावचं घर 'भाड्याचं' राहू द्या. आडगावच्या चिरेबंदी घराला भाडं किती येणार? त्यातही तुमचा वाटा पाचवा असेल तर कर त्या पाचव्या हिश्श्यावर.

सामाईक घराचं भाडं एकट्याच्या नावावर

गावात राहणारा भाऊ भाडं घेतो, दिवाबत्ती करतो, म्हणून सगळं उत्पन्न त्याच्या रिटर्नमध्ये. कायदा पैसे कुणी घेतले हे विचारत नाही, मालक कोण हे विचारतो. हिस्से ठरलेले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याचं भाडं प्रत्येकाच्या उत्पन्नात जातं, बहिणींच्याही. ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असेल, तर आधी वारस नोंद करून घ्या. वाद नको म्हणून ती टाळली जाते आणि नोटीस आली की तोच वाद वाढतो.

नवऱ्याने स्वतःच्या पैशाने बायकोच्या नावावर फ्लॅट घेतला, तर त्याचं भाडं नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. हा नियम जुना आहे, तरी दरवर्षी कुणीतरी नव्याने यात सापडतं.

टीडीएस कापला नाही म्हणजे कर नाही?

एखादी बँक किंवा कंपनी तुम्हाला महिना ३०,००० भाडं देते. मार्च २०२५ पर्यंत वर्षाला २,४०,००० च्या वर भाडं गेलं की ती १० टक्के कर आधीच कापून घ्यायची (हाच टीडीएस), म्हणजे वर्षाला ३६,०००. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा महिन्याला ५०,००० झाली आणि कपात थांबली. हातात जास्त पैसे आले, पण कर होता तिथेच आहे. वर्षाचं कराचं देणं १०,००० च्या वर जात असेल तर आगाऊ कराचे हप्ते जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या १५ तारखेला भरावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. १२ लाखांपर्यंत कर नाही हे खरं, पण ती नव्या प्रणालीतली सूट आहे आणि घर विकून झालेल्या दीर्घकालीन नफ्यावरचा कर तिच्यात येत नाही. शिवाय एकूण उत्पन्न ४ लाखांवर असेल तर कर शून्य असला तरी रिटर्न भरायचंच.

मालक आखातात असेल तर सगळंच पालटतं. अनिवासी मालकाला भाडं देताना भाडेकरूने ३० टक्के आणि वर उपकर कापायचा. त्याला किमान मर्यादाच नाही, महिना ८,००० असले तरी. श्रीवर्धन-म्हसळा भागात कित्येक भाडेकरूंच्या हे गावीही नसतं. वडिलांच्या खात्यावर भाडं घेऊन ही कपात टळत नाही, कारण घर मुलाचं आहे.

बागेतलं फार्महाऊस म्हणजे शेतीच की!

बाग कराराने दिल्याचे पैसे शेतीउत्पन्न म्हणून करमुक्त आहेत. (तरी शेतीउत्पन्न ५,००० च्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करपात्र असेल, तर दर ठरवताना ते मोजलं जातं.) पण त्याच बागेतलं घर पर्यटकांना राहायला दिलं की ते पैसे शेतीचे राहत नाहीत, आवारात शंभर कलमं असली तरी. पड जमिनीत मोबाइल टॉवर उभा केला असेल तर त्याचं भाडंही शेतीउत्पन्न नाही.

जीएसटीबद्दल थोडक्यात. राहण्यासाठी कुटुंबाला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. गाळा जीएसटी नोंदणीकृत दुकानदाराला दिला असेल आणि तुमची नोंदणी नसेल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून १८ टक्के त्यानेच भरायचे आहेत (कंपोझिशन या छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या जीएसटी योजनेतले दुकानदार नंतर यातून वगळले). भाडं ठरवताना तो ते तुमच्या माथी मारू पाहील. होमस्टेला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. त्यापुढे गेलात तर दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के.

आणि "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हे विसरा. महाराष्ट्रात भाडेकरार नोंदवणं मुदतीवर अवलंबून नाही आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न नोंदवलेल्या करारावर वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

आधीच चूक झाली असेल तर

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले. पण आधीच्या वर्षांच्या चुका जुन्या कायद्यानेच तपासल्या जातील, त्यामुळे जुनी कागदपत्रं रद्दीत घालू नका. भाडं दाखवायचं राहून गेलं असेल, तर अद्ययावत रिटर्न आता करनिर्धारण वर्ष (म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून चार वर्षांपर्यंत भरता येतं. पहिल्या वर्षात करावर आणि व्याजावर २५ टक्के जादा, मग ५०, ६० आणि ७०. नोटीस यायची वाट बघण्यापेक्षा हे स्वस्त. मात्र या वाटेने कर कमी करून घेता येत नाही आणि परतावाही मागता येत नाही. ३० टक्क्यांची वजावट घ्यायला विसरला असाल, तर सुधारित रिटर्नची मुदत आहे तोवरच धावा.