मिनिएचर झटपट रंगवायच्या तर मेहनत प्रायमरवर घ्या

२८ ते ३२ मिलिमीटरच्या मिनिएचर (टेबलवरच्या खेळातल्या छोट्या मूर्ती) भराभर रंगवायच्या तर छाया-प्रकाश रंगाच्या आधीच तयार हवा. काळा मॅट प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, स्प्रेने २०-२५ सेंटिमीटरवरून हलक्या हाताने मारा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात स्प्रे टाळाच. दमट हवेत पृष्ठभाग पांढुरका, खरखरीत होतो. तेव्हा ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

मग ड्रायब्रशिंग, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं. मेकअपचा गोल, मऊ ब्रश चालतो, महागडा नको. करडा रंग घेऊन टिश्यूवर पुसा. अंगठ्यावर फिरवल्यावर फक्त त्वचेच्या रेषा उमटल्या, की ब्रश तयार. करडा सगळीकडे, पांढरा मात्र वरून येणाऱ्या उजेडासारखा: डोकं, खांदे, गुडघे. रेघोट्या उठल्या तर ब्रशवर रंग जास्त आहे.

यावर कॉन्ट्रास्ट रंगाचा एकच थर; हा पारदर्शक रंग खळग्यात गडद, उंचवट्यावर फिका बसतो. झगा घेतला तर झगा पूर्ण करूनच पुढे जा. खळग्यात थेंब साचला तर ओलसर ब्रशच्या टोकाने लगेच टिपा. रंग अर्धवट सुकल्यावर हात लावलात तर डाग पडलाच म्हणून समजा. पातळ करायला पाण्याऐवजी त्याच रंगाचं मीडियम (रंगद्रव्य नसलेलं द्रावण) वापरा. पिवळा काळ्यावर मळकट दिसतो, तिथे आधी पांढरा भरून घ्या.

पाच-सहा मिनिएचर रांगेत ठेवून एकच रंग सगळ्यांना लावत गेलात, की शेवटची होईस्तोवर पहिली बरीच सुकलेली असते. काही स्पीडपेंट (कॉन्ट्रास्टसारखेच रंग) सुकल्यावरही ओल्या ब्रशने पुन्हा विरघळतात, म्हणून हायलाइटआधी, म्हणजे कडांवर उजळ रंग देण्याआधी, मॅट वार्निशचा हात द्या.