एयूआरमधील पॅकेज मागे राहिले असेल तर

आर्च लिनक्स या संगणकप्रणालीच्या एयूआरमधील, म्हणजे वापरकर्त्यांनी मिळून चालवलेल्या सॉफ्टवेअर-भांडारातील, पॅकेजेस स्वयंसेवक सांभाळतात. त्यामुळे मूळ सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तरी पॅकेज जुनेच राहिल्याचे अनेकदा आढळते. अशा वेळी ते जुने झाल्याची खूण एयूआरवर करावी, आणि निकड असल्यास पीकेजीबिल्ड फाइल (पॅकेज कसे तयार करायचे हे सांगणारी) उतरवून तिच्यातील आवृत्तीचा क्रमांक बदलावा, 'अपडीपीकेजीसम्स' या आदेशाने चेकसम (उतरवलेली फाइल बरोबर आहे का हे पडताळणारे आकडे) नव्याने काढावेत व मगच पॅकेज तयार करणारा 'मेकपीकेजी' हा आदेश चालवावा. आमच्या यवतमाळकडील खेड्यात मी हे काम भारनियमनाची वेळ पाहूनच हाती घेतो, कारण मोठे पॅकेज तयार होत असताना वीज गेली, तर तासांचे श्रम वाया जातात. बेवारस, म्हणजे सांभाळणारा कोणी नसलेले, पॅकेज कोणी नव्याने स्वीकारले असेल, तर मात्र फाइलमधील प्रत्येक ओळ वाचावी. २०१८ मध्ये अशाच एका पॅकेजमध्ये घातक कोड घुसवण्यात आला होता.