पाटीवर काय लिहायचं? शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकाला विचारा

'उत्तम सेवा, वाजवी दर' हे सगळ्यांच्याच पाटीवर असतं, म्हणून कुणी वाचत नाही.

गूगल मॅप्सवर आपल्याच धंद्यातली चार-पाच नावं उघडा. पाच तारे सोडा, एक ताराही सोडा (तिथे बहुतेक नुसता राग असतो). दोन-तीन ताऱ्यांचे अभिप्राय वाचून तक्रारी जशाच्या तशा वहीत उतरवा: 'फोनच उचलत नाहीत', 'उद्या म्हणाले, आठवडा लावला'. जी पुन्हापुन्हा दिसेल ती एकच धरा. मग पाटीवर आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या प्रोफाइलवर नेमकं लिहा: 'सांगितलेल्या दिवशी काम तयार. उशीर झाला तर घरपोच, फुकट.'

फक्त आधी महिनाभर गुपचूप पाळून बघा, जमलं तरच लिहा.