कान फुटला, पण कोड कुठला? सीएसओएमच्या (कान जुनाट वाहण्याच्या आजाराच्या) कोडिंगमधल्या या चुका टाळा

आपल्याकडं परभणी-हिंगोलीच्या कुठल्याबी गावात "पोराचा कान फुटलाय" म्हणलं तर पडद्याला भोक पडलं असं कुणाच्या मनात येत नाही, कानातून पू यायलाय एवढाच त्याचा अर्थ. विहिरीत पोहून आलं, कान फुटला. सर्दी लागली, कान फुटला. (आजी लगेच तेल कोमट करायला घेते, ते मात्र नका करू, पडद्याला भोक असलं तर तेल सरळ आत जातं.)

आता हे कोडिंगच्या लेखात कशाला, तर नांदेड-लातूरकडून बीफार्म, बीएचएमएस, नर्सिंग करून हैदराबाद-पुण्याला मेडिकल कोडिंगला (डॉक्टरच्या नोंदी वाचून आजार-उपचारांना बिलासाठी कोड लावायचं काम) गेलेली आपली पोरं हेच डोक्यात घेऊन अमेरिकेतला चार्ट, म्हणजे पेशंटची नोंद, वाचतात. पू आहे ना, मग पडदा फाटलेलाच असणार, लाव एच७२ (पडद्याच्या भोकाचा कोड) अन हो मोकळा! मी बी सुरुवातीला असंच लावायचो, अन ऑडिटला एकामागं एक एरर बसले तवा कळलं की चार्टमध्ये लिहिलंय तेवढंच खरं, आपल्याला काय माहितीय ते घरी ठेवायचं.

सगळ्यात मोठी गडबड होते ती प्रकारात. आयसीडी-१०-सीएममध्ये (अमेरिकेतली आजारांच्या कोडची यादी) ट्यूबोटिम्पॅनिकला एच६६.१, ॲटिकोअँट्रलला एच६६.२, आपण कॉलेजात यालाच सेफ अन अनसेफ म्हणून पाठ केलेलं. आता डॉक्टरनं नुसतं "क्रॉनिक सप्युरेटिव्ह ओटायटिस मीडिया" (हाच सीएसओएम, मधल्या कानाचं जुनाट पूवालं दुखणं) लिहिलं, प्रकार लिहिलाच नाही, तर कोड एच६६.३ मध्ये जातो. पण होतं काय की तपासणीत सेंट्रल परफोरेशन (पडद्याच्या मधल्या भागात भोक) दिसतं अन आपल्यातला डॉक्टर जागा होतो, "हे तर सेफ टाइप" म्हणत एच६६.१ टाकून देतो. बीएचएमएसवाल्यांनो, हा मोह तुम्हालाच जास्त होतो, रागवू नका. आपण कोडर आहोत, निदान आपलं काम नाही.

अन "सप्युरेटिव्ह" हा शब्दच नसेल, फक्त "क्रॉनिक ओटायटिस मीडिया" असेल तर एच६६.९. ग्लू इअर (मधल्या कानात चिकट पाणी साठणं) लिहिलं असेल तर एच६५.३, तिथं पू नसतोच. एक शब्द इकडचा तिकडं झाला की कोड बदलला.

सॉफ्टवेअर कोड घेईना अशी तक्रार आली की मी आधी कोडमधला एक्स (रिकामी जागा भरणारं अक्षर) बघतो. एच६६.११ उजवा, एच६६.१२ डावा, एच६६.१३ दोन्ही, हे बरोबर. त्याच नादात लोक एच६६.३१ टाकतात अन मग सिस्टिमला शिव्या देत बसतात. तिथं मधी एक्स लागतो: एच६६.३एक्स१ उजवा, एच६६.३एक्स२ डावा, एच६६.३एक्स३ दोन्ही. मार्जिनल परफोरेशनच्या (पडद्याच्या कडेच्या भोकाच्या) एच७२.२ ला बी तसंच.

कुठला कान हे बऱ्याचदा एडी, एएस, एयू असं लिहिलेलं असतं. एडी उजवा, एएस डावा, एयू दोन्ही. डोळ्यांचे चार्ट करून आलेला माणूस ओडी-ओएसच्या (उजवा डोळा-डावा डोळा) सवयीनं इथं अडखळतो. निदान डाव्या कानाचं अन प्रोसिजरला मॉडिफायर (कोडला जोडायची खूण) आरटी म्हणजे उजवी बाजू, असा क्लेम परत येणारच की!

परफोरेशन लिहिलेलं असलं तर एच७२ लावायचाच, पण दुसऱ्या नंबरला, आधी ओटायटिस मीडिया. सेंट्रल एच७२.०, ॲटिक (पडद्याच्या वरच्या भागातलं) एच७२.१. मात्र अक्यूट सप्युरेटिव्ह (अचानक झालेल्या पूवाल्या) इन्फेक्शनमध्ये पडदा आपोआप फुटला असेल तर तो एच६६.०१ मध्येच धरलेला आहे, सोबत एच७२ चालत नाही. अन टिम्पॅनोप्लास्टी (पडदा दुरुस्तीचं ऑपरेशन) होऊन पडदा भरून आलाय, तरी जुन्या नोटमधनं कॉपी होऊन "परफोरेशन" पुढं सरकत राहतं, तवा आजची तपासणी काय म्हणतीय ते आधी वाचा.

ऐकू कमी येण्याचा कोड तर लई जण डोळे झाकून लावतात. एच९०.११ म्हणजे उजव्या कानाला कंडक्टिव्ह लॉस (आवाज आत पोचण्यातच अडचण) अन डाव्यानं नीट ऐकू येतंय. डाव्यालाबी सेन्सोरीन्यूरल लॉस (आतल्या कानाचा किंवा नसेचा दोष) असेल तर तो चालत नाही, एच९०.ए११ सोबत एच९०.ए२२ लागतो. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) बघून आपणच ठरवायचं नाही, डॉक्टरनं काय लिहिलंय ते बघायचं.

ओपीडीच्या चार्टात "रूल आउट कोलेस्टिॲटोमा" (मधल्या कानात त्वचेची गाठ आहे का नाही, नुसती शंका) असलं तर एच७१ नको, जी लक्षणं आहेत तीच कोड करा.

ऑपरेशनची नोट असली तर वरचं हेडिंग वाचून थांबू नका, हेडिंगमध्ये टिम्पॅनोप्लास्टी अन खाली तिसऱ्या पॅराग्राफात मॅस्टॉइड (कानामागचं हाड) ड्रिल केलेलं असतंय. मॅस्टॉइडेक्टमी (त्या हाडाचं ऑपरेशन) नसेल, मधल्या कानातल्या हाडांची साखळी जोडली नसेल तर ६९६३१ (हे सीपीटी, म्हणजे प्रोसिजरचे कोड), मॅस्टॉइडेक्टमी असेल अन साखळी जोडली नसेल तर ६९६४१. कॅनालप्लास्टी (कानाची नळी रुंद करणं) ६९६३१ मध्येच येते, तिचे वेगळे पैसे मागायचे नाहीत.

अन जिथं खरंच कळंना तिथं डॉक्टरला क्वेरी टाकायची, म्हणजे लेखी विचारायचं, लाजायचं नाही. पण "हा ॲटिकोअँट्रलच आहे ना?" असं विचारलं तर ते उत्तर आपणच तोंडात घातल्यासारखं होतं. "कानाच्या आजाराचा प्रकार स्पष्ट करावा: ट्यूबोटिम्पॅनिक, ॲटिकोअँट्रल, इतर, किंवा सांगता येत नाही" असं लिहा, अन उत्तर येईपर्यंत चार्ट होल्डला ठेवा, टार्गेटच्या नादात सोडून देऊ नका.