वाईनचं बूच उन्हाळ्यात वर सरकतंय? जुन्या फ्रिजने सुटलं (माझा अनुभव)

लक्षण: एप्रिल-मे आला की बूच काचेच्या कडेवर येतं, वेष्टनाखाली चिकट ओघळ दिसतो आणि लाल वाईन शिजवलेल्या मनुकांसारखी लागते. घर नागपुरात, वरच्या मजल्यावर. पारा 45 ला टेकतो.

दिवाणाचा कप्पा रात्रीही गरमच. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ ठेवला तर तापमान सारखं वरखाली, ते आणखी वाईट. रोजच्या फ्रिजमध्ये 4 अंश; महिनोन्‌महिने तिथे बूच सुकतं. वैताग आला होता.

शेवटी माळ्यावरचा जुना सिंगल डोअर फ्रिज काढला. आधी त्याचं बटण सर्वात थंडवर. मग वीज थेट न देता डिजिटल थर्मोस्टॅट कंट्रोलरमधून (ठरवलेल्या तापमानानुसार फ्रिजची वीज चालू-बंद करणारं यंत्र). तो कॉम्प्रेसरचा भार पेलणारा हवा आणि वायरिंग इलेक्ट्रिशियननेच करावं. कंट्रोलरचा सेन्सर हवेत लटकवू नका, पाण्याच्या बाटलीत बुडवा. नाहीतर दार उघडलं की कॉम्प्रेसर लगेच घुरघुरतो. सेटिंग 13 अंश, फरक 1 अंश (तापमान इतकं वाढलं की फ्रिज पुन्हा सुरू), कॉम्प्रेसर विलंब 5 मिनिटं (बंद झाल्यावर पुन्हा सुरू होण्याआधीची विश्रांती). आधी दिवसभर नुसत्या पाण्याच्या बाटल्यांवर चालवा, आकडा स्थिर झाला की वाईन आत.

बुचाच्या बाटल्या आडव्या, बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या चालतात. बर्फाच्या कप्प्याला बाटली टेकवू नका, तिथे फार गारठा असतो. आतली हवा कोरडी पडू नये म्हणून तळाशी पाण्याची वाटी ठेवा. उघडलेली बाटली मात्र रोजच्याच फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवायची.