पुढचा ब्रेक दाबताच मागचं चाक उचलतंय? आधी सीट बघा

‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर आपटशील’ हे ऐकतच आपण सायकल शिकतो. मग पुढचा ब्रेक ढिला ठेवायचा आणि सगळी भिस्त मागच्यावर. सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. ब्रेक लागला की भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होऊन घसरतं. कोरड्या डांबरावर नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला जवळपास दुप्पट अंतर लागतं.

सायकल उलटते ती गुरुत्वमध्य उंच आणि पुढे असला की. ताठ बसणाऱ्याचा तो जमिनीपासून साधारण १.१ मीटरवर आणि पुढचं चाक जिथे टेकतं तिथून जेमतेम ६० सेंटिमीटर मागे असतो. त्यात आपणच भर घालतो. हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे सरकवतो. खरं तर तिथे आखूड स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) बसवायला हवा. सीटची जागा ठरवायची ती पायांवरून: पेडल सर्वांत खाली असताना टाच टेकवून पाय सरळ व्हावा. पेडल आडवं धरून पुढच्या गुडघ्यावरून किल्ली बांधलेला दोरा सोडला, तर तो पेडल ज्या दांड्याभोवती फिरतं त्याच्या आसपास यावा.

सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर प्रत्येक ब्रेकला तुम्ही पुढे घसरणार आणि मनगटं दुखणार. मोबाइलमधल्या लेव्हलने सीट सपाट करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

फिटिंग बरोबर असूनही माणूस हँडलवरून जातो, कारण सायकल थांबते आणि अंग थांबत नाही. कोपरं किंचित वाकवून हातांनी अंग रोखून धरा, ढुंगण मागे न्या. सिंहगड उतरताना तर पेडल्स आडवी ठेवून सीटच्या मागच्या कडेपर्यंत सरका, कारण उतारावर वजन आधीच पुढे असतं. लिव्हर दाबत न्यायचा, झटका नाही. ओल्या रस्त्यावर, वाळूवर मात्र पुढचं चाकच निसटतं. तिथे आधीच वेग कमी करा.

सामान? हँडलला पिशव्या लटकवू नका. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, जितकं खाली बांधता येईल तितकं बरं.

एवढं करूनही ब्रेक लावताना पुढून खटखट आवाज येत असेल, तर पुढचा ब्रेक दाबून धरा, हँडलखाली फ्रेमच्या सांध्यावर बोट ठेवा आणि सायकल मागेपुढे हलवा. बोटाला टकटक जाणवली की हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला आहे. तो आवळून घेईपर्यंत घाटात जाऊ नका.