‘चालशे’ म्हणजे होकार नव्हे: पर्सनल ट्रेनर आणि क्लायंट यांच्या संवादातील चुका

वडोदऱ्यातील मराठी घरांमध्ये जाऊन, आणि काही जणांना सकाळी कमाटीबागेत बोलावून, मी गेली काही वर्षे व्यायाम शिकवीत आहे. या काळात माझ्या कानांवर सर्वाधिक वेळा पडलेला शब्द ‘चालेल’ हा आहे. येथे मुरलेली मंडळी तोच ‘चालशे’ असा उच्चारतात. वजन वाढवू का, चालशे. उद्या पायांचा व्यायाम घेऊ, चालशे. या शब्दामागे पुष्कळदा संमतीपेक्षा भीडच अधिक असते, आणि तिला होकार समजून पुढे जाणारा ट्रेनर लवकरच अडचणीत येतो.

‘काही आजार आहे का?’ असे विचारणे

ही चूक मी स्वतः केली आहे. साठी उलटलेल्या एका काकांनी माहितीच्या अर्जात आजारापुढे ‘नाही’ असे लिहिले होते. त्यांच्या स्मार्ट घड्याळात नाडीचे ठोके वाढेनात, म्हणून मी चालण्याचा वेग वाढवीत राहिलो. त्यांना धाप लागली होती, बोलणे तुटत होते, तरी घड्याळातील आकड्यावर माझा अधिक विश्वास होता. शेवटी चक्कर येऊन ते पायरीवर बसले. नंतर कळले की, ते रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी रोज घेत होते, आणि ती गोळी घेणाऱ्याची नाडी श्रम वाढले तरी त्या प्रमाणात वाढत नाही. काका खोटे बोलले नव्हते. गोळीने आटोक्यात असलेल्या रक्तदाबाला आपल्याकडे कोणी आजार म्हणतच नाही. तेव्हापासून मी ‘रोज कोणती गोळी घेता, जरा पाकीट दाखवा’ असे सांगतो, आणि त्या गोळीसह व्यायाम कितपत करावा हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्यायला लावतो.

‘कसं वाटतंय?’ आणि ‘बरं’

श्रम किती झाले हे विचारताना प्रश्न असा असावा की त्याला नुसते ‘हो’ किंवा ‘बरं’ हे उत्तर देताच येऊ नये. डंबेल्स खाली ठेवल्यावर ‘आणखी किती वेळा जमले असते?’ असे विचारावे. उत्तर दोन-तीन आले तर वजन बहुधा योग्य आहे, आठ-दहा आले तर ते हलके आहे. चालताना वाक्य पूर्ण बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तोवर श्रम मध्यम समजावेत. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर ते जास्त आहेत. स्वीडनचे गुन्नार बोर्ग यांनी श्रम मोजण्यासाठी केलेली मूळ पट्टी 6 पासून 20 पर्यंत जाते, परंतु आमच्या काका-काकूंना परीक्षेतील गुणांसारखी 0 ते 10 ची पट्टीच सोपी वाटते.

सगळ्या दुखण्याला एकच शब्द वापरणे

जिममधील बोलणे बहुधा हिंदीत किंवा गुजरातीत चालते, आणि तेथे मराठी माणूस प्रत्येक तक्रार ‘दर्द हो रहा है’ या एकाच वाक्यात बसवतो. घरी मात्र त्याच्याजवळ कितीतरी शब्द असतात. अंग आंबणे म्हणजे नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस राहणारा जडपणा. तो साधारणपणे आपोआप जातो. मांड्या भरून येणे ही चालू व्यायामातील थकव्याची खूण आहे. पण सांध्यात चमक मारणे, पायात कळ जाणे, मुंग्या येणे किंवा रात्री ठणका लागणे यांपैकी काही सांगितले गेले तर तो व्यायाम तेथेच थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे. छातीवर दडपण येऊन ते हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर चर्चा न करता 108 ला फोन करावा. ट्रेनर मराठी नसेल तर पहिल्याच आठवड्यात हे चार-पाच शब्द त्याला समजावून सांगणे क्लायंटच्याच हिताचे आहे.

सूचनांचेही तसेच आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या या शहरात जोर-बैठका कोणालाही कळतात, मग बैठकीत नितंबांच्या स्नायूंवर जोर यावा म्हणून ‘ग्लूट्स ॲक्टिव्हेट करा’ कशासाठी? ‘मागे पाट ठेवला आहे, त्यावर बसायला जा’ एवढे म्हटले की कंबर आपोआप मागे जाते.

उपास आणि गरबा लपवणे

ही चूक क्लायंटची. नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून सकाळी सहाला येणारा माणूस पोटऱ्यांचे आणि गुडघ्यांचे काम रात्रीच करून आलेला असतो. त्याने ते सांगितले नाही तर ट्रेनर त्याच पायांवर पुन्हा भार टाकणार. मधुमेह असणाऱ्यांच्या बाबतीत हे मौन धोक्याचे ठरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, चतुर्थीच्या उपासाला काही न खाता व्यायाम केला तर रक्तातील साखर डेसिलिटरमागे 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते, आणि थरथर, घाम, चिडचिड सुरू होते. म्हणून ‘आज काय खाल्लेत आणि किती वाजता?’ हा प्रश्न वॉर्म-अपच्या आधी यावा. रद्द केलेल्या दिवसाची फी कोणी सोसायची, हेही पहिल्याच दिवशी ठरवावे. महिन्याअखेरीस तो विषय काढणे दोघांनाही अवघड जाते.

वजन सर्वांसमोर वाचणे

पाणी आणि मीठ यांमुळे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होते, त्यामुळे लग्नाच्या पंगतीनंतरच्या सकाळचा आकडा कशाचेच माप नसतो. घरी शिकवताना तर हा आकडा सासूबाई, मुले, कामवाल्या मावशी अशा सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला जातो, आणि पुढच्या आठवड्यापासून काकूंना अचानक वेळ मिळेनासा होतो. काटा आतल्या खोलीत ठेवावा, आकडा त्यांनी स्वतः पाहावा, स्वतःच्या वहीत स्वतः लिहावा, आणि तो मला दाखवायचा की नाही हेही त्यांनीच ठरवावे.